विमानाचं बटण

दोन वर्षं खपून आदिनाथने विमान बांधलं आणि शेवटी एका बटणापाशी येऊन अडला.

विमान म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. रिमोटवर उडवायचं, पंख पसरले की दिवाणाएवढं लांब, हलक्या लाकडाचं. पण इंजिन खरोखरचं, पेट्रोलवर चालणारं. त्याच्या ठिणगीला छोट्या बॅटरीतून वीज लागते आणि मध्ये एक बटण असतं. बटण बंद केलं की ठिणगी बंद, इंजिन बंद. दुसऱ्या कुणी ते दहा मिनिटांत विकत आणून बसवलं असतं. पण आदिनाथ आंबीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि ऐन वेळी बंद पडणाऱ्या वस्तूंनी त्याला बावीस वर्षं छळलं होतं.

"इंजिन थरथरतं ना," तो बायकोला, सारिकाला, समजावू लागला. "त्या थरथरीने बटण आपोआप बंद झालं, तर विमान वरच्या वर गप्प. मग धाडकन खाली."

सारिका तळेगावच्या पोस्टात होती. काउंटरवर दिवसभर लोकांच्या अडचणी ऐकून तिला थोडक्यात बोलायची सवय लागली होती. "मग चांगलं बटण आणा."

"तेच तर! चांगलं म्हणजे कुठलं?"

या प्रश्नावर घराचे सहा आठवडे गेले. सरकवायचं बटण आलं, दाबायचं आलं, खटक्याचं आलं. पुण्याच्या एका अनुभवी विमानवाल्याने फोनवर सांगितलं, "रिमोटने बंद होणारं इलेक्ट्रॉनिक घ्या आणि मोकळे व्हा." ते आदिनाथला पटलं नाही. (जे बटण लांबून बंद होतं, ते मनात आलं की स्वतःहूनही बंद होईल, असा त्याचा संशय.)

मग एका शनिवारी सारिका ऑफिसातून आली, तर वॉशिंग मशीनवर चिकटपट्टीने सात बटणं चिकटवलेली. प्रत्येकाला एक इवलासा दिवा. मशीन गदागदा हलत होतं आणि आदिनाथ समोर स्टुलावर वही घेऊन बसला होता.

"हे काय?"

"थरथरीची परीक्षा. ज्याचा दिवा मिणमिणला, ते नापास."

सारिकाने झाकण उघडून पाहिलं. "अहो, मशीन रिकामंच फिरतंय!"

"कपड्यांनी निकाल बदलतो."

"निदान माझ्या दोन साड्या तरी टाकायच्या होत्या. त्या काही तुमचा निकाल फोडणार नव्हत्या."

सहा दिवे मिणमिणले. सातवा हलला नाही. ते ट्रॅक्टरचं बटण होतं, लोखंडी खटक्याचं, इतकं घट्ट की चालू करताना आदिनाथच्या अंगठ्याला वळ उठला. तो भलताच खूश झाला. पण एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. धक्का लागून चुकूनसुद्धा बंद होऊ नये म्हणून त्याने ते विमानाच्या पोटाखाली, आत खोल बसवलं.

"आणि घाईत बंद करायचं झालं तर?" सारिकाने विचारलं.

"घाईत कोण कशाला बंद करेल?" आदिनाथ हसला. अज्ञानी माणसाला हसावं तसा हसला.

रविवारी दोघं भाजे गावाला गेली. तिथे सारिकाच्या मावशीचं, भागुबाईचं, भाताचं खाचर होतं. कापणी होऊन जमीन कडक झाली होती. मावशी हौसेने पुढे आली. "मी काय करू, जावईबापू?"

"मावशी, शेपूट धरा. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

"म्हस धरती मी. ह्ये काय लय मोटं हाय?"

इंजिन सुरू झालं. आवाज असा की माळवलीच्या बाजूचे बगळे उडाले. आदिनाथचा ऊर भरून आला. इतक्यात बांधावरून पाठपिशव्या लावलेली चार पोरंपोरी आली. एकीने ओरडून विचारलं, "मावशी, लोहगडला कुठून जायचं?"

वाटसरूला नीट वाट सांगायची, हा मावशीचा धर्म. "त्यो बगा त्यो डोंगुर," म्हणून तिने दोन्ही हात वर केले.

विमान सुटलं.

आदिनाथने रिमोटची दांडी पार खाली ओढली. इंजिनाचा जोर उतरला, पण ते बंद काही पडेना. सायकलच्या वेगाने विमान खाचरातून पळत सुटलं. त्याने डावीकडे वळवलं. ते फिरून थेट त्याच्याच अंगावर आलं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, हे त्याला पाठ होतं. पण आता तोच पुढे पळत होता आणि विमान मागे.

"अहो, बटण बंद करा!" सारिका ओरडली.

"पोटाखाली आहे!"

"पोटाखाली कुणी बसवलं?"

त्याने बांधावर उडी मारली. विमान बाजूने गेलं आणि गोठ्याजवळच्या पेंढ्याच्या गंजीत नाकापासून पंखांपर्यंत घुसलं. आतून खर्र खर्र आवाज येऊ लागला आणि गंजीतून पेंढ्याचा भुगा कारंज्यासारखा उडू लागला. आदिनाथ पालथा पडून मागच्या बाजूने पोटाखाली हात घालून खटक्याशी झटू लागला. आधी एका अंगठ्याने, मग दोन्ही अंगठ्यांनी. खटका तसूभर हलला नाही. परीक्षेत पहिला आलेला तो. शेवटी नाकावरचा पंखा पेंढ्यात गुरफटला आणि इंजिन गुदमरून आपोआप थांबलं.

सगळं शांत झालं. चौघे ट्रेकर टाळ्या वाजवून लोहगडच्या वाटेला लागले. आदिनाथने विमान बाहेर काढलं. पंख शाबूत होते, शेपूट शाबूत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं आनंदाने, बरंचसं भुग्याने. सारिकाने हसू दाबत पदराने त्याचे डोळे पुसले.

"मावशी, माफ करा," तो म्हणाला. "तुमच्या गंजीचं पार नुकसान केलं."

मावशी गोठ्यापाशी उभी होती. तिने भुग्याची पाटी म्हशीपुढे ठेवली होती आणि म्हैस मान वर न करता खात होती.

"नुस्कान कसलं? येवढा बारीक चारा कुट्टीच्या यंत्रातबी व्हत न्हाई," मावशी म्हणाली. "जावईबापू, फुडच्या ऐतवारी बी आणा तुमचं इमान. उडलं न्हाई तरी चालंल."