महाजनबाईंची सवत

आमच्या शाळेतल्या महाजनबाई मोबाईलमधल्या मास्तरला दटावतात. तो पडद्यावर गणित शिकवत असतो आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलेल्या बाई एकदम ओरडतात, "थांब! उत्तर सांगू नकोस! पोरांना डोकं तरी खाजवू दे!" तो कसला थांबतोय! मग बाई बोटानं पडदा दाबून त्याला गप्प करतात आणि लढाई जिंकल्यासारख्या आमच्याकडे बघतात.

त्या मास्तरला त्या 'सवत' म्हणतात. मी एकदा म्हटलं, "अहो बाई, तो बाप्या आहे."

"असू दे ना. माझा संसार उठवतोय ना? मग सवतच."

संसार म्हणजे दहावीचा वर्ग. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या घरी बाई एकट्याच असतात. शाळेत ऑनलाइन अभ्यास आला तेव्हा प्राचार्य त्यांना म्हणाले होते, "मॅडम, अब बच्चे अपने आप सीखेंगे. आपण फक्त बाजूला उभं राहायचं."

"शेतात बुजगावणंही उभंच असतं, सर," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पेटल्या.

सवतीचा एकेक धडा त्या बघायच्या, तोही खोड काढायला. "कोटावर खडूचा कण नाही, हा कसला मास्तर?" "'समझ गए ना?' म्हणतो. कोणाला विचारतो रे? समोर भिंत आहे!" आणि पोरं त्याच्यासारखं "एकदम आसान!" म्हणाली, की बाईंच्या कपाळावरची शीर उडायची.

सगळ्यात जास्त जळायच्या त्या फोपनार गावच्या सरितावर. पोरगी हुशार. फोनवर आपली आपण शिकायची, फळ्यावर झरझर गणित सोडवायची. "ही रीत कुठली गं?" बाई विचारायच्या. "सरांची," ती म्हणायची. पुढचा तास बाई फळ्याकडे तोंड करूनच शिकवायच्या.

मग सरिता शाळेत यायची बंद झाली. गणित जमत नाही, आता परीक्षेलाच बसणार नाही, असं ती म्हणतेय, हे कळलं. रविवारी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. "वंदना, चल. सवतीच्या घरी पोर रुसलीय."

फोपनारला सरिता ओट्यावर फोन घेऊन बसलेली होती. डोळे सुजलेले. "मॅडम, हाच व्हिडिओ किती वेळा पाहिला. दीपस्तंभावरून जहाज दिसतं, त्याचा खालचा कोन. जहाजातून बघितलं तर वरचा कोनही तेवढाच म्हणतात. का तेवढाच? सर रुकतच नाहीत."

मला वाटलं, आता बाई सवतीवर तुटून पडणार. त्या म्हणाल्या, "गच्चीवर चल."

खाली केळीच्या बागेच्या कडेला सरिताचे वडील पाण्याची नळी सरळ करत होते. "हाक मार त्यांना."

"बापू!" त्यांनी मान वर केली.

"आता बघ. तू जेवढी नजर खाली वाकवलीस, तेवढीच त्यांना वर उचलावी लागली. जास्त नाही, कमी नाही. एकच रेघ आहे, दोन टोकांना दोघं उभे."

सरिता बघत राहिली. मग बोटानं हवेत रेघ ओढू लागली. बाईंनी तिला डोकं खाजवू दिलं. अचानक पोरगी उडालीच, "समजलं! मॅडम, सरांचं आता समजलं!"

परतीच्या बसमध्ये बाई धुमसत होत्या. "बघितलंस? जिने मी चढले, घाम माझा निघाला, आणि समजलं कोणाचं? सरांचं!"

रागारागातच त्यांनी फोन काढला. सवतीचा नवा धडा आला होता. खोड सापडायला वेळ लागायचा नाही, म्हणून मी वाट बघत बसले. पण त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला, फोन कानाशी नेला.

"ऐकलंस? घसा बसलाय त्याचा. तरी रेटतोय."

धड्याखाली पोरांचे प्रश्न होते, हे विचारलेलं, ते विचारलेलं, परीक्षा कधी विचारलेलं. बाईंनी सगळं खालपर्यंत वाचलं. "एवढी पोरं, पण एकालाही ऐकू आलं नाही गं."

बस हिंदकळत होती. एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत त्यांनी लिहिलं, 'सर, नमक के पानी से गरारे कीजिए. दो दिन बोलना बंद.'

"पोचलं असेल ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

बुऱ्हाणपूर येईपर्यंत फोन त्यांच्या मांडीवर होता, आणि पडदा विझू नये म्हणून त्या मधूनमधून त्यावर अंगठा टेकवत होत्या.