दहा मिनिटं, दहा बोटं

दानियलकाका माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नाहीत. पायांकडे पाहतात. तुम्ही त्यांना नमस्कार करा, ते तुमच्या चपलेतून डोकावणाऱ्या अंगठ्याकडे बघून म्हणतील, "वाढलं हाय." एकदा मी त्यांना पेपरातला नव्या आमदाराचा फोटो दाखवला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला आणि परत दिला. "कमरेपासून वरतच हाय. कसा वळखू?"

मलकापुरात माझं कटलरीचं दुकान आहे. फण्या, आरसे, टिकल्या, नेलकटर. या शेवटच्या मालापायीच काकांची नि माझी गाठ पडली. महिन्या-दोन महिन्यांनी ते येत, डबाभर नेलकटर काउंटरवर ओतायला लावत आणि एकेक स्वतःच्या हाताच्या अंगठ्यावर चालवून पाहत. मागे गिऱ्हाइकं ताटकळत. मी मुळात तिरसट माणूस. एकदा म्हणालो, "काका, नेलकटरच घेताय ना, की जावई पाहताय?"

"जावई एकाच घरी जाते," काका शांतपणे म्हणाले. "हे चाळीस घरी जाईन."

काकांचं काम असं, की गावातली म्हातारी, आंधळी, अंथरुणाला खिळलेली माणसं शोधायची आणि त्यांच्या पायांची नखं काढून द्यायची. फुकट. कापडी पिशवीत एक टॉवेल, प्लास्टिकचा छोटा टब, नेलकटर आणि न्हाव्याकडे असते तशी नखं काढायची नराणी. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं, "दहा मिनिटं, दहा बोटं." नोकरीत असताना ते गुरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. सारी उमर बैलांची खुरं तासण्यात गेली. "बैल लाथ मारते," ते सांगत, "माणूस नुसता लाजते. माणसाचं सोपं हाय."

पण लाजणं काही सोपं नव्हतं. आपल्याकडे लहानानं मोठ्याच्या पायाला हात लावायचा. उलट झालं की पाप. प्रल्हाद हमाल जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीखाली सापडून कमरेखाली पांगळा झालेला, वयानं चाळिशीचा. काका पंचाहत्तरीचे. काकांनी खाटेशी टब ठेवला तसं प्रल्हादनं घर डोक्यावर घेतलं. पाय ओढून घेता येईनात, म्हणून बिचारा दोन्ही हातांनी चादरच ओढत सुटला.

"काका, नोका हो! मले पाप लागन!"

"पायाले कोन हात लावून राह्यलं बे?" काका म्हणाले. "मी नखाले लावतो."

काका ख्रिस्ती, पण आमचं पंचांग त्यांना आमच्याहून पाठ. शनिवारी हिंदू घरांत नखं काढत नाहीत. अमावास्येला नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. त्यामुळे दुकानात शिरल्या शिरल्या त्यांचा पहिला प्रश्न असे, "अमावास्या कवा हाय हो?" शुक्रवारी मुसलमानांच्या मोहल्ल्यात त्यांना दम घ्यायला फुरसत नसे, कारण जुम्म्याला नखं काढलेली चांगली मानतात. रविवारी चर्च. कुणाच्या सुनेला करणीची भीती वाटते म्हणून काढलेली नखं कागदात बांधून ते स्वतः घेऊन जात. सगळ्या धर्मांची इतकी सोय मी तरी दुसऱ्या कुणाला सांभाळताना पाहिलेली नाही.

प्रवचन मात्र कुठंच करत नसत. चहाच्या टपरीवर एकानं खोचकपणे विचारलं, "काका, याच्यामागं काय हाय? बाटवता काय लोकायले?"

काकांनी बशीतला चहा संपवला. "येशूनं मरायच्या आदल्या राती बारा जनायचे पाय धुतले. मले बारा होत नाही बापा. दोन-तीन होते."

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. काउंटरवर नेलकटर उचलताना तो बाकीच्यांवर खडखडायचा. मग एक दिवस गोदावरीबाईंच्या करंगळीला नराणी लागली. त्यांना साखरेचा आजार, रक्त काही थांबेना. त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला होता. त्यानं काकांची पिशवी उचलून अंगणात नेऊन ठेवली आणि म्हणाला, "काका, आता हे बंद करा. उद्या आईचा पाय कापायची वेळ आली तर?" त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. जखम भरली, पण काका त्यानंतर कुणाच्याच दारात गेले नाहीत. प्रल्हादनं दोनदा निरोप धाडला, तरी नाही.

माझ्याही दुकानात आले नाहीत. आधी वाटलं, बरं झालं, काउंटर मोकळा राहील. मग तो मोकळा काउंटरच खुपायला लागला. एका दुपारी मी शटर ओढलं आणि त्यांच्याकडे गेलो. चर्चच्या मागे त्यांची एक खोली. बायको मार्थाबाई जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. काका खाटेवर बसले होते. पिशवी खुंटीला होती.

"काका, पुष्कळ केलं तुम्ही," मी म्हणालो. "आता आराम करा."

"पुष्कळ नाही केलं हो," काका म्हणाले. "उशिरा केलं."

मग बराच वेळ भिंतीकडे पाहत ते बोलत राहिले. "मार्था दीड वर्ष याच खाटेवर होती. गुडघे धरले होते, उठता येत नव्हतं. मी जेवू घालत होतो, औषध देत होतो, आन बाहेर निंघत होतो. आज धामनगावले कोनी बिमार हाय, उद्या आनखी कुठी, प्रार्थनेले जा. चर्चच्या मंडळीतले लोकं म्हनत, दानियलभाऊसारखा सेवक नाही. मार्थाबी म्हने, जा तुमी, लोकं वाट पाहून राह्यले असतीन. पायावर सदा चादर. ती गेली तवा बायायनं तिले पांढरी साडी नेसवली. मले म्हनल्या, मोजे तुमी घाला. मोजे चढेच ना. मंग पाह्यले म्या तिचे पाय."

त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली.

"नखं वळून मासात घुसले होते. बाहेर लोकं गीत म्हनून राह्यले, गाडी उभी, आन मी अंदर कैचीनं तिचे नखं काढून राह्यलो. काऊन नसन सांगतलं तिनं मले? दहाच मिनिटं लागले असते हो."

मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. म्हणून मान खाली घातली आणि त्यांचे पाय दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नखं पिवळी, जाड, वाढून वाकडी झालेली. एक अंगठा चपलेच्या पट्ट्याला घासून रक्ताळलेला. त्या हातानं स्वतःची कशी काढणार होते? आणि त्यांच्या दारात कोण उभं राहणार होतं? माझ्या दुकानात डबे भरून नेलकटर पडलेले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी स्टोव्हवर पाणी कोमट केलं, खुंटीवरची पिशवी काढली, टब खाटेशी ठेवला. काकांनी पाय खाटेखाली ओढून घेतले. "नोका. तुमी नोका हो. मले कसंतरीच वाटते."

"पायाला कोण हात लावतंय?" मी म्हणालो. "मी नखाला लावतो."

मग हळूच एक पाय पुढं आला, आणि त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. मला दहा मिनिटं पुरली नाहीत. पाऊण तास लागला. टॉवेलाआडून मधूनमधून सूचना येत होत्या, "आधी भिजू द्या. सरळ कापा. कोपरा खोल नोका घेऊ." दहावं बोट झाल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "उद्या अमावास्या हाय काय हो?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्रल्हादकडे गेलो. काकांनी त्याचे पाय टबात धुतले, नखं मी काढली. काकांचे हात थरथरतच होते, पण पाण्यात हात थरथरला तर कुणाला लागत नाही.