आठवा टप्पा रिकामा सोडू नये

माणसाचा मनोसामाजिक विकास आठ टप्प्यांत होतो आणि त्यातला एकही टप्पा रिकामा सोडल्यास पाच गुण कापले जातात. पहिल्या टप्प्यात मूल आईवर विश्वास ठेवायला शिकतं. आठव्यात म्हातारा माणूस मागे वळून पाहतो आणि झालं ते बरंच झालं म्हणतो. मधले सहा टप्पे पुस्तिकेत पान एकवीस ते सदतीसवर आहेत.

२००३ साली नाशिक रोडच्या आमच्या अभ्यासकेंद्रात, नोकरी करता करता शिकणाऱ्या त्रेचाळीस शिक्षकांना ‘माझा मनोसामाजिक विकास’ हा स्वाध्याय होता. तपासनीस मी. सगळे पंचवीस ते चाळीस वयाचे. तरी साठीनंतरचा टप्पा आत्ताच कसा लिहायचा, असली शंका कुणी काढली नाही. शिक्षकांना शंका विचारायची सवय नसते, ऐकायचीही नसते.

स्वाध्यायांचा दर्जा उत्तम आणि एकसारखा होता. बेचाळीस शिक्षक वयाच्या चौथ्या वर्षी विहिरीत पडले आणि बेचाळिसांनाही मामाने बाहेर काढलं (मामा एकच असावा, भला माणूस). बेचाळिसांना सातवीत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं, तेही दुसरं. आठव्या टप्प्यात सगळे अंगणात आरामखुर्ची टाकून बसले होते, आणि आईचा हात शेवटपर्यंत डोक्यावर होता. मूळ फाईल नांदगावच्या फकिरा सरांची. ती झेरॉक्सवाल्याकडेच ठेवलेली असे, उगाच सरांना त्रास नको. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? मी सगळ्यांना चाळीसपैकी चौतीस गुण दिले.

त्रेचाळिसावी दीपमाला. वय सव्वीस. जूनपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं तिच्या शाळेने लेखी कळवलेलं. अशा वेळी माणसाने शहाण्यासारखं वागावं की नाही? या बाईंनी स्वतःचं आयुष्य लिहिलं. आई पंचवटीत हार विकायची. दीपमाला तिसरीत असताना आई काविळीने गेली. दुसऱ्या दिवशी आईच्या जागेवर दुसरीच बाई टोपली घेऊन बसली, म्हणून ही पोर तिच्याशी भांडायला गेली. हे तिने ‘पुढाकार’ या टप्प्यात घातलं होतं. पुस्तिकेत असं उदाहरण नाही. विहीर नाही, मामा नाही, आणि आठवा टप्पा कोरा. खाली पेन्सिलीने ‘अजून वेळ आहे’ (पेन्सिल चालत नाही). मी चौदा गुण दिले, पास व्हायला सोळा लागतात, आणि शेरा मारला: ‘विकास अपुरा. पुन्हा करा.’

ती भेटायला आली. मी तिला फकिरा सरांच्या फाईलीची झेरॉक्स काढायला सांगितलं. तिने ती काढून आणली, माझ्यासमोर बसून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

“सर, यात आई शेवटपर्यंत आहे,” ती म्हणाली. “तशीच ठेवू?”

ठेवा, मी म्हटलं, मजकूर बदललात तर गुणांची जबाबदारी माझी नाही. खरं सांगतो, मला त्या वेळी स्वतःची चीड आली. पण चीड लिहायला गुणपत्रकात जागा नसते.

तिने सगळं उतरवलं, सुवाच्य अक्षरात. आता आई बक्षीस बघायला शाळेत आली, लग्नात रडली, बाळंतपणाला राहिली. चौतीस गुण. जूनमध्ये दीपमाला कायम झाली, केंद्राचा निकाल शंभर टक्के लागला आणि आम्ही पेढे वाटले.

ऑगस्टमध्ये तिचा अर्ज आला. स्वाध्यायाची फाईल परत मिळावी. पहिली नको, दुसरी. कारणाच्या ओळीत ‘आईविषयीचा मजकूर त्यात आहे’ एवढंच. तपासलेले स्वाध्याय परत देण्याची तरतूद नाही, तसं मी साध्या टपालाने कळवलं.

आता तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडत असाल. खुशाल मोडा. पण परवा रस्त्यात कुणीतरी ‘कसं काय?’ विचारलं, तेव्हा तुम्ही ‘मजेत’ म्हणालात, ते कुणाचं बघून? विचारणाऱ्याला पुढे काही तपासायचं नव्हतं, म्हणून पास झालात.