गाडीला अर्थ लागत नाही

सोमवारी दुपारी सव्वाबारा वाजता सासऱ्यांनी भर रस्त्यात जावयाला मिठी मारली. ही घटना घडलेलीच नाही, असं दोघांनीही नंतर न बोलता ठरवलं. त्यामुळे आपणही ती घडली नाही असं धरून चालू आणि शनिवारपासून सुरुवात करू.

शनिवारी सकाळी जावयाने, म्हणजे सरांनी, मोटरसायकलचा डावा इंडिकेटर लावला. तो लागला नाही. हॉर्न मात्र आजारी रेड्यासारखा हुंकारला, थांबला, पुन्हा हुंकारला, अगदी इंडिकेटरच्या तालात. सरांनी ब्रेक दाबला, तर हेडलाइट विझला. हेडलाइटचं बटण दाबलं, तर न्यूट्रलचा हिरवा दिवा उजळला आणि सरांकडे बघत बसला.

गाडी सव्वीस वर्षांची आणि सासऱ्यांची होती. सोमवारी अकराला तिची सरकारी तपासणी होती. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नापास झाली तर थेट भंगारात. सासरे तिच्यावरून आयुष्यभर नोकरीला गेले होते. सासूबाई मागे बसून सगळा रस्ता "हळू, हळू" म्हणायच्या. आता सासूबाई नव्हत्या, गाडी होती. ती सरांच्या हवाली करताना ते एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, मुलगी आणि गाडी, दोन्ही चालू स्थितीत दिल्यात."

"बाबा, मी अजून चालू आहे," सरांची बायको म्हणाली होती.

"तुझी काळजी नाही मला."

सर शाळेत मराठी शिकवत. घरातला एकमेव स्क्रूड्रायव्हर चष्म्याचा होता. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकची कंबर धरली होती आणि तो पलंगावरून बोलत होता.

"सोपं आहे, सर. अर्थ लागत नसेल."

सर सावरून बसले. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलं होतं, पण नेहमी मागच्या बाकावरून.

"कशाचा अर्थ लागत नाही?"

"अख्ख्या गाडीचा."

"अहो, थोडासा तरी लागत असेल की!"

"थोडा लागतोय म्हणून तर घोळ आहे. अर्थ ढिला पडला की करंट मिळेल तिकडून वाट काढतो. ब्रेकचा हेडलाइटमध्ये, इंडिकेटरचा हॉर्नमध्ये."

सरांना आठवी ब चे निबंध आठवले. "मग अर्थ शोधायचा कुठे?"

"सीटखाली बघा. हिरवी वायर सुटलेली असेल, तोच अर्थ. जोडून टाका. आता गोळी घेतो, सोमवारपर्यंत फोन बंद."

सीटखाली खरोखरच एक वीतभर हिरवी वायर कुठेही न जाता लोंबत होती. ती कशाला जोडायची, हे मेकॅनिक गोळीबरोबर गिळून बसला होता. सरांनी गाडीची माहितीपुस्तिका काढली आणि लाल पेन घेऊन बसले. संध्याकाळी बायको आली तेव्हा पुस्तिकेत एकोणीस शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या होत्या.

"काय करताय?"

"अर्थ लावतोय."

"सकाळपासून?"

"यात तो शब्दच नाही गं! 'भूसंपर्क' असा एक आहे, पण तो बहुधा गाडी पडल्यावर होतो."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, ते इंग्रजीतलं अर्थ! अर्थ म्हणजे पृथ्वी!"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. बावीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली.

"पण पृथ्वी गाडीला जोडायची कशी?"

"थोडी जोडा."

रविवारी सकाळी थोडी पृथ्वी निवडण्यात आली. खिडकीतली पुदिन्याची कुंडी. वायर आखूड असल्यामुळे कुंडीला गाडीवरच बसणं भाग होतं. घरात दोरी नव्हती. मग सरांनी हिरव्या वायरीला तांब्याची उघडी तार जोडली आणि तिनेच कुंडी मागच्या कॅरियरला करकचून बांधली. कॅरियरचा रंग कधीच उडालेला होता, तार लोखंडात रुतून बसली. उरलेलं टोक सरांनी पुदिन्याच्या मुळाशी खोचलं आणि वर पेलाभर पाणी घातलं.

इंडिकेटर लावला, तर इंडिकेटरच लागला. ब्रेक दाबला, तर मागचा लाल दिवा. हॉर्न तर असा खणखणीत वाजला की शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली.

"लागला!" सर ओरडले. "अर्थ लागला!"

"मला पुदिना हवा होता आज," बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी सासरे आले. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि कुंडीपाशी थांबले.

"जावईबापू, हे काय?"

"अर्थ."

"माझ्या वेळी नव्हता."

"सुटला होता, बाबा."

तपासणी कार्यालयापर्यंतचा सगळा रस्ता सासरे मागे बसून, पाठीमागे हात नेऊन कुंडी धरत "हळू, हळू" म्हणत होते.

तपासनीसाने सगळे दिवे पाहिले, हॉर्न ऐकला आणि मग कुंडीकडे बोट केलं.

"सामान उतरवा. सामानासकट तपासणी होत नाही."

"हे सामान नाही. विद्युत जोडणी आहे," सर म्हणाले.

"पुदिना?"

"हो."

"काढा म्हणतो ना!"

सरांनी तार सोडून कुंडी उतरवली. तपासनीसाने ब्रेक दाबला, हेडलाइट विझला. इंडिकेटर लावला, रेडा हुंकारला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. "एकदा बांधून दाखवू द्या," सर काकुळतीला आले. तार बांधली, सगळं सुरळीत. सोडली, रेडा. असं तीनदा झाल्यावर तपासनीस पुदिन्याकडे आदराने बघू लागला. त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. पुदिन्याला मनाई कुठेच नव्हती. मग त्याने 'विद्युत जोडणी' या रकान्यात लिहिलं, 'कुंडी एक, पुदिन्यासह (जिवंत)', आणि पास झाल्याचा शिक्का मारला.

यानंतर फाटकाबाहेर जे घडलं नाही, ते वर सांगितलंच आहे.

संध्याकाळी मेकॅनिकचा फोन सुरू झाला. सरांनी सगळी हकीकत सांगितल्यावर तो इतका हसला की त्याची कंबर पुन्हा धरली.

"अहो सर, तार कॅरियरच्या लोखंडाला लागली, तोच अर्थ! मातीचा काय संबंध? कुंडी काढा, तार तेवढी ठेवा."

"काढता येत नाही," सर दातओठ खात म्हणाले. "कागदावर चढलीय ती. काढली तर गाडी बेकायदा." मग ते मागे वळून ओरडले, "अगं, पानं तोडू नकोस! पार्ट आहे तो!"

मंगळवारी सर शाळेत गेले. तिथे पोचेपर्यंत उन्हात अर्ध्या पुदिन्याने माना टाकल्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी कोरा कागद घेतला आणि एकही शुद्धलेखनाची चूक न करता महापालिकेला लिहिलं:

'महोदय, माझ्या वाहनाच्या नोंदपत्रात पुदिना जिवंत असल्याचा उल्लेख असून तो तसाच राखणे मला बंधनकारक आहे. तरी शहरातील प्रत्येक सिग्नलजवळ, शक्यतो डाव्या हाताला, कॅरियरच्या उंचीचा एक नळ तातडीने बसवून मिळावा, ही नम्र विनंती.'