तीन पायांचा कोंबडा

कुठल्याही वस्तूला कलेचा दर्जा मिळायचा, तर आधी तिचा उपयोग संपावा लागतो आणि मग तिचा कर्ता. आमचं लोककला संग्राहक मंडळ याच तत्त्वावर भक्कम उभं आहे. (कार्यालयाचं छप्पर गळतं, तो भाग वेगळा.)

मंडळाच्या मते वस्तू विकत घेणाऱ्यापेक्षा वयाने मोठी हवी. तिला निदान एक तरी भोक किडीने स्वतःच्या मर्जीने पाडलेलं हवं. आणि ती घडवणारा अज्ञात हवा; यात सवलत नाही. आमच्या पाहणीनुसार अनामिक माणसाने रंगवलेला कोंबडा नाव-पत्ता असलेल्या माणसाच्या कोंबड्यापेक्षा नऊपट खोल असतो. (खोली कशी मोजली, असं विचारणाऱ्याचं सभासदत्व पुढच्या बैठकीत आपोआप संपतं.)

कोंबड्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या चिटणीसांचा सांगतो. चिटणीस दातांचे डॉक्टर, त्यामुळे किडीची पारख उपजत. त्यांना जुन्या सामानाच्या दुकानात पाळण्याची एक फळी मिळाली. फळीवर लालभडक कोंबडा, आणि कोंबड्याला पाय तीन. डॉक्टरांनी ती दिवाणखान्यात टांगली, वर छोटा दिवा लावला, खाली चिठ्ठी डकवली : ‘अज्ञात लोककलाकार’. मंडळात तीन व्याख्यानं झाली. पहिला पाय पृथ्वीवर, दुसरा काळावर, यावर एकमत झालं. तिसऱ्यावरून दोन सभासद अजून एकमेकांशी बोलत नाहीत. एवढ्या पुण्याईवर डॉक्टर अध्यक्ष होणार, हे नक्की होतं.

तेवढ्यात डॉक्टरांच्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून लेकीकडे राहायला आल्या. वॉकर टेकत टेकत त्या भिंतीपाशी आल्या आणि थबकल्या.

“अगंबाई! ही तर माझी फळी!”

“आई, जुन्या फळ्या सगळ्या सारख्याच दिसतात,” डॉक्टर हसून म्हणाले.

“काय दिसतात सारख्या! मी रंगवलीय ती. तुमच्या बायकोच्या पाळण्याची. या बयेने पाळण्यातून माझं कोपर ओढलं आणि ब्रश घसरला. म्हटलं, असू दे तिसरा पाय, जोरात पळेल मेला!”

“आई, तू चित्रं काढायचीस? कधी बोलली नाहीस!” लेक म्हणाली.

“कुणी विचारलं होतं?”

पुढचं वाक्य त्यांनी जावयाकडे वळून टाकलं. “ती चिठ्ठी बदला, जावईबापू. माझं नाव घाला. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.”

डॉक्टरांचा चेहरा भूल न देता दात काढल्यासारखा झाला. सासूबाईंसकट आलेला कोंबडा ही लोककला नसते, ते घरचं सामान असतं. आणि घरच्या सामानावर कुणी अध्यक्ष होत नाही.

प्रकरण उपसमितीकडे गेलं. समितीत मीही होतो. आम्ही चहा घेतला, पुन्हा घेतला, आणि सासूबाईंना कागद-रंग देऊन म्हटलं, “काढा कोंबडा.” त्यांनी काढला. तुरा असा ताठ, मान अशी मुरडलेली, की आता आरवेल की मग. पाय मात्र दोन.

निष्कर्ष उघड होता. मूळ कलाकाराने पाय तीन काढले, या बाई दोन काढतात. अर्थात मूळ कलाकार या नव्हेत.

“म्हणजे आत्ता चुकले असते, तर कोंबडा माझा ठरला असता?” त्यांनी विचारलं.

“तत्त्वतः हो,” मी म्हणालो. समितीत खरं बोलायची जबाबदारी माझ्याकडे होती.

बाई हट्टाला पेटल्या. मंडळाने डॉक्टरांच्याच दिवाणखान्यात प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या कोंबड्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि येईल त्याला स्वतःचं नाव सांगू लागल्या. रसिकांनी ते अदबीने ऐकून घेतलं. एकजण तर वाकून म्हणाला, “वा! आजी, जरा सरकता का? कोंबड्यावर सावली पडतेय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सामसूम असताना सासूबाईंनी लेकीची नेलपॉलिश घेतली आणि फळीवर, तिसऱ्या पायाच्या अगदी शेजारी, आपलं नाव लिहिलं. आडनावासकट. अक्षर सुरेख होतं, हे मंडळानेही मान्य केलं. मग जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला बोलावलं. त्याने कापसाच्या बोळ्याने ते हळुवार पुसलं आणि अहवाल दिला : ‘अलीकडची घाण. मूळ कृती सुरक्षित.’

डॉक्टर बिनविरोध निवडून आले. भाषणात त्यांनी “ज्यांची नावं काळाने पुसली, त्या हातांना” वंदन केलं. सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे आम्ही ते समजून घेतलं.

आता तुम्हाला डॉक्टरांचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही मनाने हळवी माणसं. तर राग गरम आहे तोवर एक करा : तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव सांगा. नातं नको, नाव. घ्या आठवून, कुणाची घाई नाही. नाहीच आठवलं, तर शरमू नका. तुमची पात्रता सिद्ध झाली आहे, आणि मंडळाचं सभासदत्व वर्षभर खुलं असतं.