लेकीच्या घरचं पाणी

सन दोन हजार चोवीस, सप्टेंबरची सोळा तारीख, सोमवार. आपल्याकडे भाद्रपद अर्धा झाला होता. इथे आयर्लंडात त्याला शरद म्हणतात. त्या दिवशी पहाटे पावणेसातला (इथं सूर्य उशिरा उठतो, जावईही) मी ठरवलं, की कोब्याला दोन बादल्या पाणी मारायचं. एवढंच ठरवलं. पुढे दारात जेसीबी आला, त्यात माझा दोष थोडाच आहे. (बराच आहे. येईल पुढे.)

मी बाळासाहेब. फलटणचा गवंडी. शाळा चौथीपर्यंत, पुढे चाळीस वर्षं हातात थापी. जास्त बोलायची सवय नाही. पण ही हकिगत बायको चारचौघांत सांगणार, त्याआधी मी लिहिलेली बरी.

मूळ भानगड पाण्याची. लेकीच्या घरचं पाणी फुकट प्यायचं नाही, असं माझा बाप सांगून गेला. माझी लेक अस्मिता ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. जावई श्रेयसराव घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतात. घर गावाबाहेर, डोंगराच्या अंगावर. गेल्या वर्षी मी आणि बायको उर्मिला दोन महिने तिथं राहिलो. दोन महिन्यांचं पाणी अंगावर चढलं. ते फेडायला मी मागच्या दारी कोबा करून दिला. बारा बाय वीस, आरशासारखा. मान वर करून परत गेलो.

यंदा निघण्याआधी श्रेयसरावांचा फोन आला.

"आबा, तुम्ही आलात की आपण कोबा सील करू."

मी उठून उभा राहिलो. "सील? नगरपालिकेची नोटीस आली का?"

"नाही हो आबा, आपणच करायचं."

"आपणच आपल्याला सील ठोकायचं? हप्ते थकलेत का श्रेयसराव? स्पष्ट सांगा."

मागून अस्मिता हसताना ऐकू आली. मग तिनं फोन घेऊन समजावलं. सील म्हणजे टाळं नव्हे. कोब्यावर वरून एक औषध लावायचं, म्हणजे आत पाणी शिरत नाही.

"माझ्या कोब्यात पाणी शिरतं, असं म्हणायचंय का तुला?"

"आबा, आवाज तुटतोय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आवाज चांगला येत होता.

येऊन बघितलं, तर शिरलं होतं. हिवाळ्यात या डोंगरावर थंडी पडते, कोब्यात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरची साय उडवून लावतं. श्रेयसरावांनी फ्रीजरमध्ये फुटलेल्या बाटलीचा दाखला दिला. फलटणला हा प्रकार माहीत नाही. तिथं मुळात पाणी नाही, गोठणार काय? पण माझ्या आरशाचे पापुद्रे सुटले होते, हे खरं. म्हणजे गेल्या वर्षीचं पाणी फिटलंच नव्हतं, आणि आता यंदाचं चढायला लागलं. पहिला चहा माझ्या घशाखाली उतरेना. (दुसरा उतरला. त्याच्याबरोबर खारी होती.)

"दुरुस्ती मी करतो," मी म्हटलं.

"तुम्ही आराम करा, आबा. मी व्हिडिओ बघितलाय."

चाळीस वर्षांच्या गवंड्यासमोर व्हिडिओ! जावयाला टाकून बोलता येत नाही. मी ठरवलं, आता एक अक्षर विचारायचं नाही. विचारलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी खपल्या निघालेल्या जागी माल भरला. बरा भरला. मग कोब्याच्या मधोमध पाटाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारी कडांना चिकटपट्टी लावली. ते बघून माझा राग गेला. नव्या कामावर आपण ओलं गोणपाट टाकतो, ओल टिकावी म्हणून. इथं गोणपाट कुठलं मिळणार? पोरानं प्लॅस्टिक टाकलं. अक्कल आहे. फक्त पाणी मारायला विसरला.

सोमवारी पहाटे मी ती चूक सुधारली. एक बादली नव्या मालावर. दुसरी प्लॅस्टिकपाशी. चिकटपट्टीचं एक टोक अलगद उचललं, आत तांब्याभर सोडलं, पुन्हा दाबून बसवलं. कुणाला कळवलं नाही. उपकार सांगून करायचे नसतात.

कुंपणापलीकडे शेजारी डोनल मेंढ्यांकडे निघाला होता. माझ्या वयाचा, उंच, गुडघ्यापर्यंत बूट. मला बघून थांबला. टोपी काढून छातीशी धरली. मान किंचित झुकवली. मीही झुकवली. भाषा कशाला लागते? कारागीर कारागिराला ओळखतो.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. डोनलची टोपी रोज निघायची.

आता घरात दुसरं काहीतरी शिजत होतं. श्रेयसराव नऊ वाजता उठून प्लॅस्टिकजवळ उकिडवे बसत आणि डोकं खाजवत. वर ऊन, खाली ठणठणीत कोरडा कोबा, आणि प्लॅस्टिकला आतून थेंब. तीन दिवस टिपूस पडला नव्हता. (या भागात तीन दिवस पाऊस पडला नाही, तर लोक एकमेकांना फोन करतात.) मग ते कुंपणाशी जाऊन डोनलशी इंग्रजीत बोलत, आणि दोघं माझ्या कोब्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

बुधवारी दुपारी डोनल हातात बेचक्याच्या आकाराची ओली काठी घेऊन आला. मी उर्मिलेला ढोसलं. "अगं, पानाड्या! जमिनीतलं पाणी शोधणारा यांच्यातही असतो."

डोनल काठी दोन्ही मुठींत धरून कोब्यावर फिरला. प्लॅस्टिकपाशी काठीचं टोक खाली वळलं. सकाळी मी दुसरी बादली ओतली होती, तिथंच. माणूस पक्का होता.

"ग्रँड," डोनल म्हणाला. इथं सगळ्याला ग्रँड म्हणतात, पण त्या वेळी त्याचा चेहरा पडला होता.

मला वाटलं, बोअर मारणार. जेवताना उलगडा झाला.

"आबा, वाईट बातमी आहे," श्रेयसराव म्हणाले. "कोब्याखाली झरा आहे. डोनल म्हणतो, त्याच्या आजोबांच्या वेळी तिथं विहीर होती. सीलरला कोबा आतपर्यंत कोरडा लागतो. ते प्लॅस्टिक त्यासाठीच लावलं होतं, खालून ओल येते का बघायला. रोज येतेय."

माझा घास हातात राहिला.

"मग?"

"आपला कोबा फोडावा लागेल. उद्या सकाळी डोनल त्याचा जेसीबी आणतोय."

"आबांनी केवढ्या मायेनं केला होता," अस्मिता म्हणाली.

"झऱ्याला काय करणार हे तरी?" उर्मिला म्हणाली.

झरा तिच्या शेजारी बसून आमटी-भात गिळत होता. बोलायला तोंड उघडलं आणि त्यात पापड घातला. चाळीस वर्षं लोकांना मी शिकवलं. आता जावयासमोर काय सांगू, की मला प्लॅस्टिक कळलं नाही? माझं नाव राखलं तर कोबा जातो. कोबा राखला तर नाव जातं.

गुरुवारी पहाटे सवयीनं बादली भरली. मग आठवलं. ती गवतात ओतली आणि रिकामी बादली घेऊन कोब्यावर उभा राहिलो, तोंड पूर्वेला. आठ वाजता डोंगर हलवत जेसीबी आला. डोनलनं मला बघितलं आणि इंजिन बंद केलं. खाली उतरला. टोपी छातीशी.

घरातून सगळे बाहेर आले. अस्मिताची सुट्टी होती, तीही आली. डोनल हळू आवाजात श्रेयसरावांशी काहीतरी बोलला. ते गोंधळले.

"आबा, डोनल म्हणतोय, तुमची प्रार्थना आधी होऊ द्या. त्याला घाई नाही."

"कसली प्रार्थना?" उर्मिलेनं विचारलं.

डोनल पुन्हा बोलला. श्रेयसराव वाक्यावाक्याला थांबत सांगू लागले. "तो म्हणतो... रोज उगवत्या सूर्याला... दोन बादल्या. त्यानं इतकी श्रद्धा... त्याच्या आईनंतर कुणात बघितली नाही." मग ते थांबले. माझ्याकडे बघितलं, प्लॅस्टिककडे बघितलं. "आबा... दोन बादल्या?"

सुटका समोर उभी होती, टोपी काढून. नुसते हात जोडले असते तरी भागलं असतं. पण देवाच्या नावावर खोटा माल मी कधी खपवला नाही.

"प्रार्थना नाही," मी म्हटलं. "पाणी मारत होतो. प्लॅस्टिकच्या आतसुद्धा. झरा मीच."

उर्मिला म्हणाली, "तरी म्हटलं! लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, घरच्या तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाही, आणि इथं येऊन सूर्याला दोन बादल्या?"

श्रेयसरावांनी डोनलला सगळं सांगितलं. तो आधी कळल्यासारखं करून मान हलवत राहिला. मग जेसीबीच्या चाकाला टेकून इतका हसला, की त्याच्या मेंढ्या पळाल्या. डोळे पुसत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, या डोंगरावर काँक्रीटला पाणी मारायचं काम देव स्वतः करतो. माणूस ठेवायची गरज नाही."

जेसीबी परत गेला. मी जावयासमोर उभा राहिलो.

"श्रेयसराव, काय लावायचं ते लावा. पण हात माझा लागेल. आणि आधी तो व्हिडिओ दाखवा."

तीन दिवस मी खुर्ची टाकून कोब्याची राखण केली. उर्मिलेनं धुतलेलं लुगडं ठिबकत आणलं, तिला हाकललं. हात धुऊन झटकत आलेल्या जावयालाही हाकललं. जन्मभर पाणी मारलेला माणूस थेंबाथेंबावर खेकसत होता. रोज सकाळी डोनल कुंपणावरून आभाळ बघून अंगठा वर करायचा. टोपी मात्र आता डोक्यावरच असायची.

रविवारी प्लॅस्टिक उचललं. आतून कोरडं. मी गुडघ्यावर बसून ब्रशनं सील लावलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन हात. श्रेयसराव डबा धरून मागे सरकत होते. एकदाही बोलले नाहीत. शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी कोब्यावर ओतलं. त्याचे मणी झाले, गडगडत कडेला गेले. कोब्यात थेंब जिरला नाही. जिरली होती ती माझी.

अस्मितानं दुसरा ग्लास भरून माझ्यापुढे धरला.

"घ्या आबा. हे तरी जिरवा."

मी प्यायलो. फिटलं.