थांबासाहेब खोली बुक करतात

"बाजारभावाच्या मागे धावायचं नसतं. आपण शांत बसलो, की तो मांजरासारखा आपणहून पायाशी येतो," असं थांबासाहेबांनी बायकोला सांगितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

त्यांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात, खरेदीखात्यात गेली होती. व्यापारी लोखंडाचा भाव घेऊन येवो, तांब्याच्या तारेचा येवो, नाहीतर साध्या टाचण्यांचा, साहेब एकच शब्द बोलायचे, "थांबा." व्यापारी थांबायचा, कपाळ पुसायचा आणि भाव उतरवायचा. नाव पडलं ते तिथूनच. निरोपसमारंभात मोठ्या साहेबांनीही भाषणात तेच नाव घेतलं, तेव्हापासून ते त्यांना एखाद्या पदवीसारखं वाटू लागलं होतं.

या वेळी खरेदी होती हॉटेलातल्या एका खोलीची.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघांनी शहरात भाड्याच्या खोलीत काढली होती. खाली सायकलचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर यांची खोली. एक खिडकी, एक स्टोव्ह, आणि एक खाट, जिच्यावर दोघांपैकी एकाने कूस बदलायची ठरवली तर दुसऱ्याला आधी कळवावं लागे. समोर, रस्त्यापलीकडे, हॉटेल होतं. संध्याकाळी दिवे लागले की त्याच्या खिडक्यांतून पांढऱ्याशुभ्र चादरी दिसायच्या, आणि कुणीतरी ट्रेमधून चहा आणून ठेवताना दिसायचं. बाई तेव्हा शाळेत शिकवायच्या. घरी येऊन खिडकीत भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "एकदा आपण तिथे राहू या हं. तिथून आपण कसे दिसतो ते मला बघायचंय."

पगार वाढला की जाऊ, असं ठरलं. मग लेक झाली, बदली झाली, शहर सुटलं आणि ते राहून गेलं ते गेलंच.

आणि आता सायकलवाल्याच्या मुलीचा फोन आला होता. इमारत पाडायची ठरली होती, भाडेकरू निघूनही गेले होते. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, आता जायचं."

"जायचंच. फक्त खोली कधी बुक करायची ते माझ्यावर सोड."

हॉटेल जुन्या वळणाचं होतं. खोली हवी तर मालकांना फोन करायचा, भाव ते तोंडी सांगणार. पहिल्याच फोनला त्यांनी सांगितलेला भाव अगदी रास्त होता. बाई शेजारून खुणेने म्हणाल्या, घेऊन टाका. साहेबांनी फोनवर हात ठेवला. "अगं, पहिला भाव कुणी घेतं का?" मग हात काढून म्हणाले, "थांबा. कळवतो."

भाव उतरला का ते बघायचं तर पुन्हा फोन करायला हवा. पण त्याच आवाजात केला तर गरज कळणार. म्हणून दोन-चार दिवसांनी साहेबांनी घसा बसल्यासारखा आवाज काढून त्याच तारखांची चौकशी केली. भाव थोडा चढला होता.

"नुसती हूल आहे ही," ते म्हणाले. "उतरेल."

मग त्यांनी जावयांना कामाला लावलं. जावई दातांचे डॉक्टर, स्वभावाने सरळ. खोटं बोलायचं तर जवळपासचंच बोलावं म्हणून त्यांनी सांगितलं, आम्ही काही दंतवैद्य त्याच सुमारास येणार आहोत, खोल्या मिळतील का? संध्याकाळी जावयांनी कळवलेला भाव ऐकून साहेबांनी चष्मा काढून पुसला, जणू भाव चष्म्यामुळेच वाढला होता.

शेवटी मेहुण्यांना बोलावलं. हे बँकेत रोखपाल आणि हौशी नाटकमंडळीतले जुने नट. मात्र जन्मभर वाट्याला आला तो पहारेकरी, "महाराज, कुणीतरी भेटायला आलंय" एवढंच म्हणून आत जाणारा. आज पहिल्यांदाच त्यांना मोठी भूमिका मिळाली होती. फोन कानाला लावून ते दिवाणखान्यात येरझाऱ्या घालू लागले.

"नाटक कंपनीचा व्यवस्थापक बोलतोय. सगळा संच येणार आहे. नायिकेचा गुडघा दुखतो, तिला खालचीच खोली द्या. खलनायक घोरतात, त्यांना कोपऱ्यात टाका. आणि उशा मऊ हव्यात, आमच्यात फार मानदुखी आहे."

"भाव विचारा, भाव," साहेब कुजबुजले.

मेहुण्यांनी हात उंचावून त्यांना गप्प केलं. मानदुखीचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या आवाजात फोन केला. भाव पहिल्याच्या दुप्पट झाला होता. "काय करू साहेब," मालक म्हणाले, "मागणीच तशी आहे." त्याच रस्त्यावरच्या बाकीच्या हॉटेलांतही चौकशी केली, तर तिथेही हेच.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "बाजारात कुणीतरी मोठा खरेदीदार उतरलाय."

"कोण?" बाईंनी विचारलं.

"कळत नाही. पण माणूस तयारीचा आहे."

प्रवासासाठी बाहेर काढून ठेवलेली साडी बाईंनी उचलली, घडीवरून हात फिरवला आणि परत कपाटात ठेवली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं राहिलंच की." रागावून म्हणाल्या असत्या तर साहेबांनी वाद घातला असता. त्या रागावल्या नव्हत्या. साहेब उठले, फोन लावला आणि मागतील त्या भावाने खोली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ते "थांबा" म्हणाले नाहीत.

दोघं पोचले तेव्हा हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. टेबलावर ताजी फुलं होती, जिना धुतलेला होता, आणि मालकांच्या पाठीमागे फळीवर सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ओळीने लटकत होत्या. मालक इस्त्रीचा कोट घालून दाराकडे डोळे लावून बसले होते.

"गर्दी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"मी सकाळपासून तेच बघतोय," मालक म्हणाले. "नाटक कंपनी यायची आहे. दातांचे डॉक्टर यायचे आहेत. एक घसा बसलेले गृहस्थ आहेत, बिचारे. मी शेजारच्या हॉटेलवाल्यांनाही सांगितलं, शहरात काहीतरी मोठं आहे, तयारीत राहा. ढीगभर नव्या उशा आणल्यात."

साहेबांना एकदम फुलांचा वास घ्यावासा वाटला. ते फुलदाणीवर वाकले ते वर येईनात. बाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग मालकांकडे.

"नाटक कंपनी म्हणजे माझा भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टर आमचे जावई. आणि घसा यांचा."

मालकांनी एकदा दाराकडे, एकदा किल्ल्यांच्या ओळीकडे पाहिलं. मग त्यांनी एक किल्ली काढून पुढे ठेवली. "रस्त्याकडची खोली देतो. पण उशा सगळ्या तुमच्याकडे पाठवणार. कुणीतरी त्यांच्यावर झोपलं पाहिजे."

खोलीत गेल्यावर बाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही, सरळ खिडकीशी गेल्या. समोरच्या इमारतीची दारं आणि खिडक्या काढून खाली रचल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या चौकोनातून त्यांची भिंत दिसत होती. त्यांनी स्वतः दिलेला निळा रंग मागाहून कुणी झाकला होता, पण पोपडे निघून तो पुन्हा वर आला होता.

"एवढीशी होती?" बाई म्हणाल्या.

"तेव्हा त्यात आपले पाहुणेसुद्धा राहायचे," साहेब म्हणाले. "तुझा भाऊ महिनाभर होता. पहारेकऱ्याच्या भूमिकेची तालीम करत."

बाई हसल्या. मग पुन्हा त्या निळ्या चौकोनाकडे बघू लागल्या. "पण आपण कसे दिसायचो, ते काही कळत नाही. तिथे कुणीच नाहीये ना."

साहेबांनी चपला घातल्या. खाली पाडकामाचा मुकादम दारं मोजत बसला होता. त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण थोड्या वेळाने साहेब समोरच्या दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत उगवले. खिडकीच्या जागी उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना, म्हणून भाजी चिरतात तसे दोन्ही हात पुढे धरून हलवू लागले. खालून जाणारे दोघेजण थांबून वर बघू लागले. सायकलच्या दुकानाच्या पाटीवर बसलेली कबुतरं उडाली.

बाई हॉटेलच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग तोच पदर तोंडाला लावून त्या हसू लागल्या.

साहेब परत आले तेव्हा कपडे धुळीने भरले होते. बाई खोलीत नव्हत्या. शोधायला निघाले तर जिन्यात भेटल्या, खालून वर येताना, हातात चहाचा ट्रे घेऊन.

"कसा दिसलो?" साहेबांनी विचारलं.

"बारीक," बाई म्हणाल्या. "अहो, उद्याही राहू या. मी मालकांना सांगून आले."

साहेबांनी जिन्याचा कठडा धरला. "कितीला?"

बाईंनी ट्रे सांभाळत क्षणभर विचार केला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "ते विचारायचं राहूनच गेलं."